मागच्या दारातला खटका

गाडी घेतली २०१९ च्या दिवाळीत. सीएनजीवरची सात सीटची अर्टिगा. हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, पहिली फेरी सज्जनगडाची केली. तेव्हा मी साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो. गाडी घरासाठी, आणि हप्त्याला हातभार म्हणून शनिवार-रविवारी एखादं भाडं, एवढाच हिशोब. आपल्याकडे असं भाडं शोधत फिरावं लागत नाही. कुणाची मुलगी पुण्याच्या विमानतळावर सोडायची असते, कुणाकडे मुंबईचे पाव्हणे आलेले असतात आणि त्यांना कास-ठोसेघर दाखवायचं असतं. "तुझी गाडी रिकामीच हाय न्हवं? गॅसचं आन् वर तुझं काय आसंल ते घे." झालं, निघालो.

पुढच्या वर्षी लॉकडाऊन लागला, कारखान्याने माणसं कमी केली, त्यात मीही गेलो. मग रविवारचं भाडं आठवडाभर मारायला लागलो. पाटी मात्र पांढरीच.

भाड्याने माणसं नेणाऱ्या गाडीची पाटी पिवळी आणि आकडे काळे, घरच्या गाडीची पाटी पांढरी. पांढऱ्या पाटीवर भाडं मारणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या ६६ व्या कलमाचा भंग, परमिटशिवाय गाडी चालवणं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दहा हजारांचा दंड आणि वर सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. हे मला तेव्हाही माहीत होतं. आपल्याकडे ते सगळ्यांनाच माहीत असतं. पण मी वडापच्या, म्हणजे माणशी पैसे घेऊन सीटा भरणाऱ्या जीपा बघत मोठा झालेला माणूस. जीपच्या मागच्या फळीवर उभा राहून, वरच्या कॅरियरला धरून हायस्कूलला गेलोय. आपण नियम मोडतोय असं मनात यायचंच नाही, लोकांची सोय करतोय असं वाटायचं.

त्या सोयीपोटी पॅसेंजरला आधी पढवावं लागायचं. "वाटेत कुणी अडवलं तर सांगायचं, नात्यातली गाडी आहे." पुण्याच्या एका कुटुंबाला पाचगणीला नेत होतो. आजोबा पुढे बसले होते, त्यांना हा प्रकार फारच आवडला. सुरूर फाट्याजवळ आरटीओच्या वायुवेग पथकाची गाडी उभी होती, त्यांनी हात केला. मी काही बोलायच्या आत आजोबांनी काच खाली घेतली आणि जाहीर केलं, "हा आमचा भाचा."

"बरं. नाव काय भाच्याचं?"

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मी समोर रस्त्याकडे.

"बंड्या," आजोबा म्हणाले. "घरी आम्ही बंड्याच म्हणतो."

साहेब हसले, मागची पोरं हसली, हसत हसतच चलान झालं. त्या दिवसाची कमाई गेली आणि पुढच्या आठवड्याचीही. आजोबांनी उतरताना दोनशे रुपये जास्त दिले आणि माझा नंबर फोनमध्ये 'बंड्या' म्हणून सेव्ह करून घेतला.

एवढं होऊनही मी सुधारलो नाही. डोळे उघडले ते दुसऱ्याच्या गाडीने.

माझ्या चुलतभावाचा एक दोस्त, त्याचीही पांढरीच पाटी. लग्नाचं वऱ्हाड घेऊन जाताना केळघर घाटात त्याची गाडी उलटली. जीव कुणाचा गेला नाही, पण एका मावशींच्या मांडीचं हाड मोडलं. चार दिवसांनी विम्याकडून एक माणूस दवाखान्यात आला. अगदी मऊ बोलणारा. त्याने मावशींची विचारपूस केली आणि बोलता बोलता विचारलं, गाडीवाल्याला किती दिले होते? मावशी खरं बोलणाऱ्या. "माणशी दोनशे ठरलं होतं. लहान पोरांचं नाही घेतलं हो त्यानं." तो पोरगा किती चांगला आहे हे सांगायला म्हणून त्या ते बोलल्या, आणि नेमकं तेच त्याला नडलं. खाजगी गाडीच्या पॉलिसीत स्वच्छ लिहिलेलं असतं, की मोबदला घेऊन किंवा भाड्याने वापर केल्यास विमा लागू नाही. गाडीचा क्लेम नाकारला गेला. मावशींच्या ऑपरेशनचा खर्चही त्याच्याच डोक्यावर बसला. त्याने मोडक्या गाडीचं भंगार विकलं आणि पुण्याला वॉचमनचं काम धरलं.

त्या रात्री मी माझी पॉलिसी काढून वाचली. चार वर्षं हप्ता भरत होतो, वाचत पहिल्यांदाच होतो. माझ्या मागे बसणाऱ्या सहा माणसांचा अपघाती खर्च कुणाच्या नावावर आहे, तर माझ्या. आणि माझ्या नावावर काय आहे, तर दीड गुंठा आणि ही गाडी.

२०२३ चा फेब्रुवारी होता. हिला म्हटलं, पाटी पिवळी करून घेतो. "म्हणजे आपली गाडी टॅक्सी होणार?" हिने 'टॅक्सी' हा शब्द असा उच्चारला की जणू गाडीला काहीतरी आजार झालाय. आमच्याकडे लोकांना लग्नात दारात पांढऱ्या पाटीची गाडी लागते. पिवळी पाटी दिसली की भाड्याने आणली हे सगळ्या मांडवाला कळतं. मी पॉलिसी तिच्या पुढ्यात टाकली. तिने वाचली आणि पुढे काही बोलली नाही.

एजंटाकडे गेलो. आरटीओच्या आवाराबाहेर छत्री लावून बसणाऱ्यांपैकी एक. त्याने सगळं मिळून पस्तीस हजार सांगितले, "तुम्ही फक्त सह्या करा आणि एक दिवस गाडी दाखवायला आणा." तो लुबाडत होता असं मी म्हणणार नाही, खेटे घालायला वेळ लागतो, त्या वेळेचे तो पैसे घेतो. पण क्वालिटीत सतरा वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड लागते, दुसऱ्याने भरलेल्या शीटवर सही करवत नाही. म्हटलं, आपणच करू. नोकरी नव्हतीच, वेळच वेळ होता.

पहिलं काम माझं स्वतःचं, गाडीचं नव्हे. माझ्याकडे हलक्या मोटारीचं लायसन्स होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं होतं की साडेसात हजार किलोच्या आतली प्रवासी गाडी चालवायला लायसन्सवर ट्रान्सपोर्टची वेगळी नोंद लागत नाही (पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानेही तेच कायम केलं). त्या जोरावर मी छाती काढून काउंटरवर गेलो. तिथल्या भाऊंनी शांतपणे विचारलं, "लायसन्सचं ठीक आहे. बॅच कुठाय?" बॅच म्हणजे बिल्ला. गाडी चालवता येते याला लायसन्स, आणि पैसे देऊन बसलेली परकी माणसं तुमच्या हवाली करायला हरकत नाही याला बॅच. मला हा फरक तोवर कुणी एवढ्या सोप्या शब्दांत सांगितला नव्हता.

बॅचसाठी रहिवासाचा पुरावा, शाळा सोडल्याचा दाखला, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. डॉक्टरांनी ठिपक्यांच्या चकत्यांचं पुस्तक पुढे धरलं, त्यातले आकडे वाचायचे. मी सगळे वाचले, एकावर जरा अडखळलो तर ते म्हणाले, "सिग्नल दिसतो ना?" साताऱ्यात आधी सिग्नल आहेत किती, असं ओठांवर आलं होतं. पडताळणीसाठी ऑनलाइन अर्ज केल्यावर ठाण्यातून फोन आला. "तुमच्यावर काही केस?" म्हटलं, एक चलान आहे साहेब, विनापरमिट भाडं मारल्याचं. पलीकडे दोन क्षण शांतता. "ते वेगळं. मारामारी, चोरी असलं काही?" नाही म्हटलं. तीन आठवड्यांनी प्रमाणपत्र हातात. या सगळ्यात मार्च संपला.

बँकेचं प्रकरण थोडक्यात सांगतो. कर्ज फिटलं होतं पण आरसी बुकवरचा बोजा उतरवायचा राहिला होता. बँकेची एनओसी, ३५ नंबरचा फॉर्म, चार चकरा. कर्ज फिटलं की त्याच आठवड्यात बोजा उतरवून घ्या, एवढंच.

मग गाडी.

चार वर्षांत मी तिला जे जे हौसेने लावलं होतं, ते एकेक करून काढावं लागलं. पहिली काचांची फिल्म. दुपारचं ऊन लागतं म्हणून गडद फिल्म लावून घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच काचांवर वरून फिल्म चिकटवायला बंदी घातलीय. कंपनीतून येणारी काचच पुढच्या-मागच्या बाजूला ७० टक्के आणि कडेला ५० टक्के उजेड आत सोडणारी हवी. एक अख्खा रविवार हिचा हेअर ड्रायर आणि दाढीचं ब्लेड घेऊन ओट्यावर बसलो. फिल्म निघते, गोंद निघत नाही. शेवटी रॉकेलचा बोळा.

मग पुढचं स्टीलचं बंपर गार्ड. त्यावर माझा फार जीव. कोल्हापूरहून करून आणलं होतं. २०१७ च्या डिसेंबरात केंद्राने राज्यांना कळवलं होतं की असली गार्डं काढायला लावा. रस्त्यावरच्या माणसाला त्याचा मार बसतो, आणि धक्क्याचा जोर भलतीकडून गेल्याने एअरबॅग वेळेवर न उघडण्याचीही भीती. गॅरेजवाला स्क्रू सोडता सोडता म्हणाला, "दादा, हे गाडीला वाचवतंय, तुम्हाला न्हाई." चारशे रुपये किलोच्या हिशोबाने करून घेतलेलं ते गार्ड आता परसात दोडक्याच्या वेलाला आधार देतंय.

काढणं झालं, आता बसवणं. वेग रोखणारं यंत्र, म्हणजे स्पीड गव्हर्नर. टॅक्सीचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या वर जाऊ देत नाही. बसवणाऱ्याने वायरीच्या जोडावर सील मारलं, नंबर सर्टिफिकेटवर लिहिला. ट्रायलला हायवेवर गेलो. ७८, ७९, ८०, आणि पुढे पाय दाबला तरी गाडी ढिम्म. बैलाने मान टाकावी तशी. मी आजवर साताऱ्याहून पुण्याच्या विमानतळाला दोन तासांत पोचवायचो आणि ते अभिमानाने सांगायचो. त्या दिवशी घरी येऊन मी खरंच खट्टू झालो होतो.

दुसरं यंत्र गाडीचा ठावठिकाणा कळवणारं, सोबत लाल पॅनिक बटणं. १ जानेवारी २०१९ पासून नोंद होणाऱ्या नव्या प्रवासी वाहनांना ते सक्तीचं झालं, रिक्षा सोडून. माझी गाडी प्रवासी वाहनांत नव्याने जाणार म्हणून मलाही. साडेनऊ हजार गेले. बसवणाऱ्या पोराने बटण दाबून दाखवलं, तेवढ्यात त्याच्या मोबाइलवर लाल ठिपका लुकलुकायला लागला, खाली माझ्या गाडीचा नंबर. "हे दाबलं की कळतं वर," तो म्हणाला. मी गमतीत विचारलं, ड्रायव्हरला दाबता येतं का, पॅसेंजरने त्रास दिला तर? तो म्हणाला, "येतंय की. पण दाबत कोण न्हाई."

पुढे पांढरी, मागे लाल, कडेला पिवळी अशी चमकणारी पट्टी. आग विझवायचा लहान सिलिंडर, प्रथमोपचाराची पेटी. गॅसच्या टाकीची हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, दर तीन वर्षांनी लागते. माझी २०२२ मध्येच व्हायला हवी होती आणि झाली नव्हती. हे मात्र मला लागलं. क्वालिटीत असताना प्रेशर गेजचं कॅलिब्रेशन एक दिवस चुकलं तर मी मशीन बंद ठेवायचो, आणि इथे डिकीत दाबाचा गॅस भरून, मुदत संपलेल्या टाकीवर मी सहा महिने लोकांची पोरं फिरवत होतो. टाकी काढून, तपासून, परत बसवायला तीन दिवस गेले.

टुरिस्ट गाडीचा विमा घेतला. पांढऱ्या पाटीच्या जवळजवळ दुप्पट. टॅक्सच्या फरकाचं चलान भरलं. फिटनेसची तारीख मिळाली, मे महिन्यातला एक मंगळवार.

सकाळी नऊला ट्रॅकवर गाड्यांची रांग. पुढे ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर-ट्रॉलीवाला, मागे शाळेची बस, मध्ये मी, धुऊनपुसून. फिटनेससाठी ब्रेक नुसते उभ्या गाडीवर बघायचे नाहीत, २५० मीटरच्या ट्रॅकवर गाडी पळवून बघायचे, असं उच्च न्यायालयाने या राज्यातल्या आरटीओंना बजावलेलं आहे. आपल्या जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगायला लागत नाही. एका बाजूला पसरणी, दुसरीकडे केळघर, खाली कुंभार्ली. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या माणसांची बस दरीत गेली, तीस माणसं गेली, एकच वाचला. पुढच्या वर्षी मी गाडी घेतली तरी महाबळेश्वरहून खाली उतरताना मागच्या सीटवरून हमखास प्रश्न यायचा, "ब्रेक बघितलेत ना?" मी "हो हो" म्हणायचो. बघितलेले नसायचे.

तपासायला एक तरुण मॅडम होत्या. हातात टॅब, पायात बूट, डोक्यावर टोपी. चेसिस नंबरचा फोटो घेतला. ट्रॅकवर गाडी पळवायला लावली, "दाबा" म्हणाल्या, दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली. हेडलाइट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, टायरची नक्षी, सगळे सीटबेल्ट एकेक ओढून. गव्हर्नरचं सील. पॅनिक बटण. आग विझवायच्या सिलिंडरवरची तारीख. मी मागे मागे फिरत मनातल्या मनात शीट भरत होतो: ओके, ओके, ओके. ऑडिटच्या दिवशी मशीनवरच्या पोरांना काय वाटत असेल ते मला पहिल्यांदा कळत होतं.

मग मॅडम मागच्या सीटवर जाऊन बसल्या. दार ओढून घेतलं. आत बसूनच म्हणाल्या, "मला उतरायचंय."

मला वाटलं झालं सगळं. त्यांनी आतला हँडल ओढला. दार उघडलं नाही. परत ओढला, खट. मी लगबगीने बाहेरून उघडायला पुढे झालो, तर काचेतून त्यांनी हाताने थांबवलं. "तुम्ही नका उघडू. मला आतून उघडायचंय."

चाइल्ड लॉक. मागच्या दाराच्या कडेला, दार उघडल्यावरच दिसणारा, करंगळीच्या नखाएवढा खटका. गाडी घेतली तेव्हा माझी पोरगी पाच वर्षांची होती, चालत्या गाडीत कशालाही हात घालायची. शोरूममधून बाहेर पडायच्या आत मी दोन्ही दारांचे खटके खाली ढकलले, ते आजतागायत. मी स्वतः कधी मागे बसलो नव्हतो, त्यामुळे ते दार आतून उघडत नाही याचा विचार करायची मला चार वर्षांत गरजच पडली नव्हती.

मी दार उघडून खटका वर केला. "झालं मॅडम, घ्या." त्या खाली उतरल्या. "आज वर केला. उद्या परत खाली जाईल. टॅक्सीत चाइल्ड लॉक चालत नाही, १ जुलै २०१९ पासून. खटकाच काढून आणा." मी म्हटलं, मॅडम, लहान मुलांच्या सुरक्षेसाठीच असतो ना तो? त्या टॅबवर काहीतरी लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या मुलीसाठी तुम्ही लावलात, बरोबर आहे. पण आता मागे तुमची मुलगी बसणार नाही."

रिजेक्ट.

परत येताना पोवई नाक्याच्या गर्दीत अडकलो आणि तेव्हा ते आठवलं. २०२१ चा पावसाळा. रात्री दहाच्या सुमाराला एसटी स्टँडसमोर दोन मुली उभ्या होत्या, नर्सिंगच्या असाव्यात, वाईची शेवटची गाडी चुकलेली. दोघींना मिळून पाचशेत नेतो म्हटलं. लिंब फाट्याच्या पुढे मला लघवीला जायचं होतं, गाडी कडेला घेतली, लाइट बंद करून उतरलो. पाऊस होता, रस्त्यावर चिटपाखरू नाही. परत येताना मागून आवाज ऐकू आला. खट. खट. खट. मी आत बसलो तर त्यातली एक म्हणाली, "काका, दार उघडत नाहीये." आवाज अगदी बारीक. मी हसलो. "चाइल्ड लॉक आहे गं, पोरगी लहान आहे माझी." आरशात बघितलं तर दुसरीचा फोन चालू होता, त्याचा उजेड तिच्या तोंडावर, आणि ती माझ्याकडे बघत होती. वाई येईपर्यंत दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. गावाच्या बाहेरच, पुलाच्या अलीकडे, "इथंच, इथंच" म्हणून उतरल्या. मी बाहेरून दार उघडून दिलं. पाचशेची नोट दिली आणि पळाल्याच.

मी घरी येऊन ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली होती. हिने तेव्हा हसून घेतलं नव्हतं, भाकरी थापत राहिली होती. मला वाटलं लक्ष नव्हतं.

पोवई नाक्यावर मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

गॅरेजवाल्याने दाराचं आतलं पान सोडलं, लॉकचा जुडगा बाहेर काढला, तो प्लॅस्टिकचा खटका पक्कडीने उपटून माझ्या हातावर ठेवला. मग त्या फटीत रबरी बूच बसवलं. दोन्ही दारांचं मिळून एक तासाचं काम. एवढ्याशा वस्तूचं काय करायचं कळेना म्हणून खिशात घातली. संध्याकाळी पोरीने विचारलं, "मग मी पडले तर?" ती आता नऊ वर्षांची. म्हटलं, मागे बसलं तरी पट्टा लावायचा. "तू कुठं लावतोस कधी?" ती म्हणाली. तेही खरंच होतं.

पुढच्या मंगळवारी परत रांग. मॅडम थेट मागे जाऊन बसल्या, दार लावलं, उघडलं, उतरल्या. फिटनेस मिळाला. आठ वर्षांच्या आतल्या गाडीला दोन वर्षांचा मिळतो, पुढे दर वर्षाला. पाच वर्षांचं परमिट झालं. गोवा-कर्नाटकासाठी अखिल भारतीय टुरिस्ट परमिट, त्याचे नवे नियम नेमके त्याच महिन्यात, १ मे २०२३ पासून लागू झाले होते. तो अर्ज घरबसल्या ऑनलाइन झाला. पिवळी पाटी यायला आणखी पंधरवडा. सगळा खर्च एजंटाने सांगितला होता त्याहून थोडा जास्तच झाला. कारण त्याच्या पस्तीस हजारांत हायड्रोटेस्ट आणि फिल्म खरवडणं नव्हतं. ते त्याने करून घेतलंही नसतं.

पिवळी पाटी लागल्यावर दोन गैरसमज पहिल्या आठवड्यातच दूर झाले. एक, आता आपण कुणालाही उचलू शकतो हा. स्टँडजवळ उभा होतो तर एक जण खिडकीशी आला, "पुणं एक शीट?" माझी मान हलणार होती. पण हे परमिट कंत्राटी वाहतुकीचं. अख्खी गाडी एका गिऱ्हाइकाला, ठरल्या ठिकाणाहून ठरल्या ठिकाणी. वाटेत सीट चढवायची-उतरवायची, माणशी पैसे घ्यायचे, ते एसटीचं काम. म्हणजे वडाप पिवळ्या पाटीवरही वडापच. सहाच्या ऐवजी नऊ कोंबले तर पाटी कुठलीही असो, विम्याचा माणूस दवाखान्यात तोच प्रश्न विचारणार.

दुसरा, लोक खूश होतील हा. ऐंशीच्या वेगाने पुण्याला निघालो की खंबाटकीपर्यंतच मागून सुरू होतं. "दादा, जरा रेटा की." एका गृहस्थाला मी सांगितलं, सील आहे, जात नाही वर. तो म्हणाला, "मग पांढऱ्या पाटीवाला बघायला पाहिजे होता." विमान मिळालं त्याला, पण निघताना चहाचेही पैसे सुटे करून मागितले. आता मी बुकिंग घेतानाच सांगतो, पुण्याला अडीच-पावणेतीन तास धरा. काही गिऱ्हाइकं गेली. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आणि पोरीबाळी आहेत ती टिकली. पुण्याला शिकणाऱ्या तीन-चार मुली आहेत, त्यांचे आईबाप गाडीचा नंबर, बॅचचा नंबर लिहून घेतात. आधी कुणी असं विचारलं असतं तर मला राग आला असता.

नोव्हेंबरात एक फोन आला. "बंड्या, येतोस का पाचगणीला? सगळे निघालोय." पुण्याचे आजोबा. पाटीकडे बघून ते क्षणभर थबकले, मग पुढे येऊन बसले. सुरूर फाट्यावर पथकाची गाडी उभी होतीच. हात झाला, मी बाजूला घेतली.

"आता काय सांगायचं?" आजोबांनी हळूच विचारलं.

"काही नाही आबा. कागद आहेत."

साहेबांनी परमिट बघितलं, फिटनेसची तारीख बघितली, बॅच बघितला आणि गाडी सोडली. एक मिनिटही लागलं नाही. आजोबांनी काच वर घेतली. वाई मागे पडली तरी ते गप्पच होते. मग म्हणाले, "मी नाव पाठ करून आलो होतो रे तुझं."